ब्रोचवरची बाई

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बाहेरचा वक्ता न बोलावता आपल्यापैकीच कोणीतरी घरातल्या एखाद्या जुन्या वस्तूविषयी माहिती सांगावी, असे यंदा ठरले आणि चिठ्ठी माझ्या नावाची निघाली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. व्यासपीठावर बोलण्याची सवय नाही. तेव्हा भाजी निवडताना आपण जशा बोलतो तशीच मी बोलेन. गोड मानून घ्यावे.

माझी वस्तू म्हणजे एक ब्रोच. पदराला लावायचा. आमच्या आजेसासूबाईंचा, म्हणजे ह्यांच्या आजीचा. लांबीला दीड इंच, आकार सुपारी उभी चिरल्यासारखा लांबट. कडेला सोन्याच्या तारेचा पीळ, मागे टाचणी, पुढे काच. काचेखाली एका बाईचे चित्र आहे. डोक्यावर झिरझिरीत ओढणी, गळ्यात मोत्यांचे सर, हातात गुलाब. चेहरा माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा, पण भुवईचा केस नि केस वेगळा दिसतो. हे चित्र छापील नाही, हाताने काढलेले आहे. काढणाऱ्याच्या डोळ्यांचे काय झाले असेल, हा पहिला विचार माझ्या मनात येतो.

हे चित्र हस्तिदंतावर काढलेले आहे. हस्तिदंताचा पापडाहून पातळ काप काढायचा, तो घासून गुळगुळीत करायचा, त्याचा तेलकटपणा घालवायचा, आणि मग डिंकाच्या पाण्यात कालवलेल्या रंगांनी, बारीकात बारीक कुंचल्याने, चेहरा ठिपक्या-ठिपक्यांनी भरायचा. आपण रांगोळीचे ठिपके काढतो तसे, पण ते भिंगाखाली. हस्तिदंताला मुळातच सायीसारखा मऊ रंग असतो. तोच चित्रातल्या बाईच्या कांतीचा रंग होतो, म्हणून गाल आतून उजळल्यासारखे वाटतात.

युरोपात अशी इवली चित्रे आधी वासराच्या पातळ कातड्यावर काढीत आणि मागे पत्त्याचे पान चिकटवीत. हस्तिदंतावर काढण्याची रीत १७०० च्या सुमारास रूढ केली ती व्हेनिसच्या एका बाईने, रोझाल्बा कारिएरा हिने. तपकिरीच्या डब्यांच्या झाकणांवर चित्रे काढता काढता तिने ही युक्ती बसवली. ही गोष्ट महिला मंडळात आवर्जून सांगायला हवी, म्हणून सांगितली.

कॅमेरा नव्हता त्या काळी माणसाचा चेहरा प्रवासात बरोबर न्यायचा तर एवढाच मार्ग होता. नवरा समुद्रापार चालला, मुलगी दूर देशी दिली, तर असे चित्र लॉकेटमध्ये किंवा ब्रोचमध्ये बसवून देत. पुष्कळदा मागच्या बाजूला काचेखाली त्या माणसाच्या केसांची वेणीही ठेवीत. कंपनी सरकारच्या काळात इंग्लंडहून चित्रकार याच कामासाठी हिंदुस्थानात येत. जॉन स्मार्ट नावाचा नामांकित चित्रकार १७८५ ते १७९५ अशी दहा वर्षे मद्रासेत राहिला. साहेब लोकांची आणि अर्काटच्या नवाबाच्या घरची चित्रे त्याने काढली.

पण आपल्याकडे ही कला साहेबाने आणली असे मात्र समजू नका. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१५ साली सुरतेस उतरला आणि बुऱ्हाणपुरावरून अजमेरला जहांगीर बादशहाच्या भेटीस गेला. त्याच्याजवळ असेच एक लहानसे विलायती चित्र होते. बादशहाने ते मागून घेतले, आपल्या चितार्‍याकडून त्याच्या नकला करविल्या, आणि रात्री मेणबत्तीच्या उजेडात सहाही चित्रे त्याच्यापुढे मांडून विचारले, ओळख तुझे कोणते! रो साहेबाची चांगलीच पंचाईत झाली. पुढे १६१६ साली बादशहाने त्याला स्वतःचे चित्र सोन्यात बसवून, साखळीला अडकवून, खाली एक मोती लोंबता ठेवून बक्षीस दिले. ज्या सरदारांवर मर्जी असे त्यांनाच अशी तसबीर मिळे, आणि ती ते मिरवीत. म्हणजे सोन्यात बसवलेला चेहरा अंगावर घालण्याची हौस आपल्या देशातही चारशे वर्षांची जुनी आहे.

पुढे १८३९ साली फ्रान्समध्ये फोटोची युक्ती जाहीर झाली. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली, आपले डॉ. भाऊ दाजी तिचे सभासद होते. फोटो आला आणि चितार्‍यांच्या पोटावर पाय आला. दिल्लीच्या चितार्‍यांनी मग वेगळी वाट धरली. ताजमहाल, कुतुबमिनार, मोगल बादशहा आणि त्यांच्या बेगमा यांची हस्तिदंती चित्रे काढून ती ब्रोच, बांगड्या, डब्या यांत बसवून ते प्रवाशांना विकू लागले. आमचा ब्रोच त्यांतलाच. अशा वस्तूंची माहिती असलेल्या एका गृहस्थांनी तो भिंगातून पाहून सांगितले की, काम दिल्लीकडचे आहे आणि बाई बहुधा मुमताजमहल.

आमच्या घरात तिला नुसतेच “राणी” म्हणत. “राणीचा ब्रोच काढ गं,” असे सासूबाई म्हणायच्या. कोणती राणी, कुठली राणी, कोणी विचारले नाही. आता कळले, तेव्हा मुलांना फार आनंद झाला. पण त्याच गृहस्थांनी पुढे सांगितलेली गोष्ट माझ्या मनातून जाईना. मुमताजमहल १६३१ साली बुऱ्हाणपुरास बाळंतपणात वारली. ती पडद्यातली बाई. तिला समोर बसवून तिचे चित्र कोण काढणार? दिल्लीच्या चितार्‍यांनी तिला पाहिलेले नव्हते, त्यांच्या आज्या-पणज्यांनीही नव्हते. एक साचा ठरला, आणि त्या साच्यावरून शेकड्यांनी “मुमताज” निघाल्या. म्हणजे जिचे नाव जगाला ठाऊक आहे तिचा चेहरासुद्धा मनाने रचलेला!

ब्रोच आमच्या घरी कसा आला तेही सांगते. आजेसासरे गिरगावात राहत आणि एका पारशी शेटजींच्या पेढीवर कारकून होते. लग्नात शेटाणीने नव्या सुनेला हा ब्रोच दिला. पारशी बायकांना ब्रोचचे महत्त्व आधीपासून होते. आपल्या नऊवारीला पदर खोचून घेण्याची सोय. ब्रोच हवा कशाला? पण पारशी साडीचा पदर खांद्यावर येई आणि तो ब्रोचने अडकवीत. सत्येंद्रनाथ टागोर हे आय.सी.एस. झालेले पहिले हिंदी गृहस्थ. त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली आणि १८६४ साली त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनीदेवी मुंबईस आल्या. इथल्या पारशी बायकांचे पाहून त्यांनी साडी नेसण्याची नवी तऱ्हा बसवली. निऱ्या घालून, पदर डाव्या खांद्यावर घेऊन तिथे ब्रोच लावायचा. बंगाल्यात ती तऱ्हा पसरली. आज आपण सगळ्याजणी पाचवारी ज्या रीतीने नेसतो तिच्या मागे आपल्या मुंबईच्या पारशिणीचा ब्रोच आहे. आता त्याची जागा सेफ्टी पिनेने घेतली, एवढेच.

आजेसासूबाई गोल पातळ नेसू लागल्या तेव्हापासून हा ब्रोच त्यांच्या खांद्यावर बसला. पुढे त्या इकडे उपनगरात राहायला आल्या. १९६२ साली चीनने आक्रमण केले तेव्हा घरोघरच्या बायकांनी संरक्षण निधीला सोने दिले. त्यांनीही दोन बांगड्या दिल्या. ब्रोचही द्यायला काढला होता, पण त्यात चित्र आहे, ते मोडेल, म्हणून परत ठेवला, असे सासूबाई सांगत. पुढच्याच वर्षी सुवर्णनियंत्रण आले, चौदा कॅरटच्या वर दागिना घडवायचा नाही असा हुकूम निघाला, आणि जुने ते जपण्याकडे सगळ्यांचा कल झाला.

आता मूळ मुद्द्यावर येते. सासूबाई गेल्यावर त्यांच्या चीजवस्तूंची वाटणी निघाली. आम्ही तिघी जावा. पाटल्या, बांगड्या, सर यांचे वजन होते, हिशेब होतो. ब्रोचचे तीन तुकडे कसे करणार? धाकट्या जाऊबाई म्हणाल्या, मोडूया आणि तिघी वेढणी करूया. त्यांचे म्हणणे मी चुकीचे मानत नाही. २०२५ साली दहा ग्रॅम सोन्याचा भाव लाखाच्या वर गेला. त्यांच्या मुलाच्या कॉलेजची फी डोक्यावर होती. आठवणींनी फी भरता येत नाही, हे त्या बोलल्या नाहीत, पण आम्हाला कळत होते.

म्हणून आम्ही तिघी सराफाकडे गेलो. त्याने ब्रोच काट्यावर ठेवला, कसोटीवर घासला आणि सांगितले, सोने हलक्या कसाचे, काच आणि चित्र काढून टाकल्यावर जेमतेम सहा ग्रॅम भरेल, त्यात घट धरा. थोरल्या जाऊबाईंनी विचारले, “आणि चित्राचे?” तो म्हणाला, “चित्राचे काही नाही. ते हवे तर पुडीत बांधून देतो.”

ते ऐकून धाकट्या जाऊबाईंनीच ब्रोच उचलून पर्समध्ये टाकला. “घरी चला,” एवढेच म्हणाल्या.

घरी आल्यावर बोलता बोलता एक गोष्ट ध्यानात आली. आजेसासूबाईंचा एकही फोटो आमच्या घरी नाही. एक होता म्हणतात, तो पुराच्या पाण्यात गेला. कधी न पाहिलेल्या राणीचा चेहरा आम्ही तीन पिढ्या जपला, आणि जिने तो चाळीस वर्षे खांद्यावर वागवला तिचा चेहरा आमच्यापैकी एकीलाही सांगता येईना. मग नाव तरी? सासरचे नाव माहीत होते. पण माहेरचे? सासरे हयात असते तर त्यांना आईचे माहेरचे नाव कदाचित ठाऊक असते. ह्यांना, दिरांना ठाऊक नाही. लग्नात तांदळाच्या ताटात सोन्याच्या अंगठीने नवे नाव लिहिले की जुने नाव त्याच तांदळात मिसळून जाते. आपल्यापैकी किती जणींना आपल्या आजेसासूचे माहेरचे नाव सांगता येईल? हात वर करायला सांगत नाही. आपापल्या मनाशी विचार करावा.

ते नाव शेवटी सापडले ते माळ्यावरच्या एका पितळी डब्यावर. पूर्वी भांड्यावर नाव घालीत. तासणीने टिंब टिंब पाडून लिहीत. डबा चिंचेने घासला तेव्हा झाकणाच्या कडेला तिचे माहेरचे नाव, वडिलांचे नाव आणि गाव निघाले. रुखवतातला डबा असणार. बघा भगिनींनो, पाच शेराच्या डब्याला आपण नाव घालतो, कारण तो शेजारी जाईल आणि परत येणार नाही ही काळजी. सोन्याला नाव घालीत नाही, कारण ते घरातच राहणार. पण सोने राहते आणि बाईच पुसली जाते.

आपल्या जुन्या घरांत आणखी एक रीत होती. पहिली बायको वारली आणि पुरुषाने दुसरे लग्न केले, तर दुसरीच्या गळ्यात पहिलीचा टाक घालीत. सोन्याचा किंवा चांदीचा छोटा पत्रा, त्यावर ठोकलेली बाईची आकृती. सवतीचा टाक. देवघरातल्या टाकांसारखाच तो. त्यातली बाई कोणाचीही असू शकते. दोन डोळे, दोन हात, एक लुगडे. नाव नाही. जी मेली तिचे सोने झाले, आणि जी आली तिने ते निमूट गळ्यात वागवले. मी लहान असताना एका म्हातारीच्या गळ्यात पाहिला होता. “हे कोण?” असे विचारले तर म्हणाली, “थोरली.” तेवढेच तिला ठाऊक होते.

विलायती बायकांच्या ब्रोचमध्ये चेहरा होता, केसही होते. तरी संग्रहालयांतून अशी कितीतरी चित्रे “अज्ञात स्त्री” एवढ्याच नावाने ठेवलेली असतात. का? तर जिच्याजवळ ते होते तिला नाव ठाऊक होते, म्हणून तिने लिहिले नाही. मुलीलाही ठाऊक होते, तिनेही लिहिले नाही. नातीला विचारायला कोणी उरले नाही. दोन पिढ्या पुरतात, भगिनींनो. दोनच.

आम्ही काय केले ते सांगते. ब्रोच मोडला नाही. धाकट्या जाऊबाईंना वाटणीत तेवढ्या मोलाचे सोने बांगड्यांतून जास्त दिले. ह्यात कोणी कोणावर उपकार केला नाही, हिशेब चोख केला. ब्रोच तिघींचा राहिला. आमच्याकडे गौरी दरवर्षी एकेका भावाच्या घरी बसतात. ज्या घरी गौरी, त्या घरी वर्षभर ब्रोच, आणि थोरल्या गौरीचा पदर त्याच ब्रोचने लावायचा. सोबत एक चिठ्ठी. तीत आजेसासूबाईंचे माहेरचे आणि सासरचे नाव, गाव, ब्रोच कोणी दिला, त्यांनी तो कधी वापरला, मग सासूबाईंचे तसेच, आणि खाली आम्हा तिघींची दोन्ही नावे. ती नावे मी इथे वाचून दाखवत नाही, ती घरची आहेत. पण चिठ्ठी लिहिताना थोरल्या जाऊबाई पन्नाशी ओलांडलेल्या वयात स्वतःचे माहेरचे नाव कागदावर पाहून जरा वेळ गप्प बसल्या, एवढे मात्र सांगते.

आता चार उपयोगाच्या गोष्टी, कारण तुमच्यापैकी काहींच्या घरी असा ब्रोच किंवा लॉकेट असेल.

पहिली गोष्ट. सोने म्हटले की आपण ते रिठ्याच्या नाहीतर साबणाच्या पाण्यात टाकतो. चित्राचा दागिना पाण्यात टाकू नका. रंग डिंकाचे असतात; काचेच्या फटीतून थेंबभर पाणी गेले तरी चेहरा विरघळतो. कोरड्या मलमलीने वरची काच आणि सोने हलके पुसावे, बस्स. सराफाच्या यंत्रातही तो धुवायला देऊ नये. अत्तर आणि फवारे दूर ठेवावेत.

दुसरी. हस्तिदंताला दमटपणाही सोसत नाही आणि कोरडी उष्णताही नाही. पावसाळ्यात बुरशी येते, उन्हात किंवा दिव्याखाली ठेवले तर काप वाकतो, चिरतो. सुती कापडात गुंडाळून डब्यात, कपाटाच्या आतल्या बाजूस ठेवावा. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नये.

तिसरी. चित्र हाताचे की छापील, हे भिंगाने कळते. छापील चित्रात ठिपके एकसारखे, ओळीने असतात. हाताच्या कामात ठिपके लहानमोठे, कुठे दाट, कुठे विरळ. खऱ्या हस्तिदंतात बारीक नागमोडी रेघा दिसतात. कोणी तापल्या सुईने टोचून पाहा म्हणून सांगेल. तसे मुळीच करू नये.

चौथी. लावण्याआधी मागची टाचणी पाहावी. जुन्या टाचणीची अडकण सैल होते. आतून एक बारीक साखळी किंवा दोरा घालून पदराला बांधून घ्यावे.

आणि पाचवी, कायद्याची. हस्तिदंताची खरेदी-विक्री आपल्या देशात बंद आहे. १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला, १९८६ साली आपल्याकडच्या हस्तिदंताचा व्यापार बंद झाला आणि १९९१ साली आफ्रिकेतून आलेल्या दंताचाही. ते योग्यच झाले. दीड इंचाच्या चित्रासाठी एवढे मोठे जनावर मारावे असे आज कोणाला वाटेल? जुनी वस्तू घरात असेल तर ती विकण्याच्या भानगडीत पडू नये, आणि वारशाचा कागद कसा करावा याची वनखात्यात रीतसर चौकशी करावी. तसेच शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू परदेशी नेता येत नाही. त्याचाही १९७२ चा कायदा आहे. मुलगी अमेरिकेत आहे म्हणून पर्समध्ये घालून धाडू, असे म्हणाल तर विमानतळावर घोटाळा होईल.

शेवटी मंडळाला एक सूचना करते. चैत्राच्या हळदीकुंकवाला आपण डाळ आणि पन्हे करतोच. यंदा प्रत्येकीने घरातली एक जुनी वस्तू आणावी. सोन्याचीच हवी असे नाही, पोळपाट चालेल, अडकित्ता चालेल, फिरकीचा तांब्या चालेल. आणि तिच्याबरोबर एक चिठ्ठी. वस्तू कोणाची, त्या बाईचे माहेरचे नाव काय, सासरचे काय, गाव कोणते. ज्यांना लिहिण्याचा कंटाळा किंवा अडचण असेल त्यांच्या चिठ्ठ्या मी लिहून देईन. माझे अक्षर बरे आहे. सातवीत मला त्याचे बक्षीस मिळाले होते. चिठ्ठीची एक प्रत मंडळाच्या कपाटात ठेवावी, म्हणजे घरची हरवली तरी इथली राहील.

ज्यांच्या सासूबाई, आजेसासूबाई, आई, आजी आज हयात आहेत त्यांनी चैत्राचीही वाट पाहू नये. आज घरी गेल्यावरच विचारावे. त्या म्हणतील, “कशाला हवंय तुला माझं जुनं नाव?” म्हणू दे. दुसऱ्यांदा विचारावे. सांगतात.

ब्रोच इथे टेबलावर ठेवला आहे. जवळ येऊन सगळ्यांनी पाहावा; हात मात्र कोरडे असावेत.